डोंगल आमचा, पैसे आमचे, मग कुलूप कुणाचं?

टॉवर उभा आहे. त्याला वीज आहे, शेजारी बॅटऱ्या आहेत. शाळेत सिम आहे, रिचार्ज मारलेला आहे, लॅपटॉप आहे, डोंगल आहे. आणि इंटरनेट नाही. का नाही? तर डोंगलच्या आत कुणीतरी लिहून ठेवलंय की हे सिम आपल्या कंपनीचं नाही, याला आत घ्यायचं नाही.

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे आणि थोडी तांत्रिक आहे. राजकारण नाही म्हणून पुढे सरकवू नका. यात राजकारण भरपूर आहे, फक्त झेंडे नाहीत.

माझं राजूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. २०११ पासून डोंगल हा प्रकार मी रोज हाताळतोय. तेव्हा दिवसाला दोन-तीन यायचे, आता महिन्याला दोन-तीन येतात. पण जे येतात ते कुठून येतात बघा. अकोल्याच्या बाजारपेठेतून कुणी येत नाही, तिथे फायबर आलंय. येतात ते घाटघर-रतनवाडीच्या बाजूने, डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांमधून. म्हणजे ज्यांना दुसरा पर्यायच नाही त्यांच्याकडेच हे कुलूपबंद डोंगल उरलेत.

त्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची गोष्ट सांगतो. गावाचं नाव देत नाही, गुरुजींना उगाच वरून फोन नकोत. चार वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून शाळेने एका खाजगी कंपनीचा ४जी डोंगल घेतला. पूर्ण पैसे मोजून, पावती घेऊन. तेव्हा त्या कंपनीची रेंज पलीकडच्या डोंगरावरून खिडकीत यायची. खिडकीच्या गजाला यूएसबीची लांब वायर बांधून डोंगल लटकवायचा, की दोन काड्या मिळायच्या. त्यावर शाळेचं यू-डायस प्लस, सरल, पोषण आहाराची रोजची नोंद, सगळं चालायचं. पुढे त्या बाजूची रेंज गेली. का गेली ते कुणी सांगितलं नाही. मग दीडएक वर्ष गुरुजी शाळा सुटल्यावर टेकाडावर चढून स्वतःच्या मोबाईलवरून नोंदी भरायचे. पावसाळ्यात आपल्याकडचं टेकाड म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

आता गावाच्या अंगावरच बीएसएनएलचा टॉवर आलाय. हा टॉवर काही आभाळातून पडलेला नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेंज न पोचलेल्या २४,६८० गावांत ४जी नेण्याची योजना मंजूर केली, खर्च २६,३१६ कोटी रुपये. २७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन झालं, ९७,५००हून जास्त टॉवर असं तेव्हा जाहीर केलं गेलं. पैसा तुमचा-माझा आहे. काम उशिरा झालं, रडत झालं, पण झालं. त्याबद्दल मी नाव ठेवणार नाही.

गुरुजींनी बीएसएनएलचं सिम घेतलं, डोंगलमध्ये घातलं. पडद्यावर संदेश आला: इनव्हॅलिड सिम.

सिम अवैध नाही हो. सिम भारत सरकारच्या कंपनीचं आहे, आधार दाखवून घेतलेलं आहे, गुरुजींच्या फोनमध्ये घातलं की धावतं. डोंगलच्या पेटीवरही ७०० मेगाहर्ट्झचा बँड छापलेला आहे. बीएसएनएलचं ४जी ज्या बँडवर चालतं त्यातला तो एक. म्हणजे यंत्र ती लहर पकडू शकतं, त्याला तसा कान आहे. फक्त त्याला सांगून ठेवलंय, या आवाजाला ओ द्यायची नाही.

मी स्वतः कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बारा मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगी आली. फार गोड बोलली. "सर, ते डिव्हाइस आमच्याच नेटवर्कसाठी आहे." मी म्हटलं, ताई, तुमचं नेटवर्क गावात नाही, अनलॉक कोड द्या. "सर, तशी पॉलिसी नाहीये." मग म्हटलं, पॉलिसी कुठे लिहिली आहे ते तरी सांगा. तर तिने मला नवा प्लॅन सुचवला. तिचा दोष नाही, तिच्यासमोरच्या कागदावर तेवढंच असणार. पण जो तो कागद लिहितो त्याच्यापर्यंत आपला फोन कधीच पोचत नाही, तशी सोयच ठेवलेली नसते.

आता हे कुलूप नेमकं कुठे असतं ते समजून घेऊ, कारण बरेच जण गोंधळतात. डोंगल लॅपटॉपला लावला की आधी तो सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग करतो. त्या खोट्या सीडीतून एक प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये उतरतो, कंपनीच्या रंगाचा, कंपनीच्या बोधचिन्हाचा. तो म्हणजे डॅशबोर्ड, नुसती वरची रंगरंगोटी. मग डोंगल रूप बदलतो आणि मोडेम होतो. लिनक्स वापरणाऱ्यांना हे रूप बदलण्याचं काम 'यूएसबी मोडस्विच' नावाच्या छोट्या प्रोग्रॅमकडून करून घ्यावं लागायचं, काहींना आठवत असेल.

डॅशबोर्ड बदलून कुलूप निघत नाही. कुलूप त्याच्या खाली, चिपच्या सोबत जो प्रोग्रॅम कायम बसलेला असतो त्यात असतं. त्याला म्हणतात फर्मवेअर. कुठल्या टॉवरशी बोलायचं, सिम वाचायचं की नाकारायचं, लॅपटॉपला आपण मोडेम म्हणून दिसायचं की नेटवर्क कार्ड म्हणून, हे सगळं फर्मवेअर ठरवतं. हुआवेचा ई३३७२ हे त्याचं चांगलं उदाहरण. तोच डोंगल एका फर्मवेअरवर साधा मोडेम असतो. दुसरं, हायलिंक नावाचं फर्मवेअर घातलं की छोटा राउटर होतो, ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ टाकलं की त्याचं पान उघडतं. यंत्र तेच, पण आतला प्रोग्रॅम बदलला की स्वभाव बदलतो.

म्हणजे यंत्राचा खरा मालक कोण, तर ज्याच्या हातात फर्मवेअर आहे तो. पावती तुमच्या नावावर असली तरी.

तुम्ही महावितरणची वीज सोडून सोलरवर गेलात म्हणून विहिरीवरची मोटर कधी रुसली आहे का? एका कंपनीचा बल्ब दुसऱ्या कंपनीच्या होल्डरमध्ये बसतो. डिझेल कुठल्या पंपावर भरलं हे ट्रॅक्टर विचारत नाही. उद्या कुणी असा ट्रॅक्टर विकला की जो एकाच कंपनीच्या पंपावरचं डिझेल घेईल, तर लोक शोरूमसमोर नांगर आणून उभे करतील. डोंगलच्या बाबतीत मात्र आपण पंधरा वर्षं हे निमूट सोसलं, कारण कुलूप डोळ्याला दिसत नाही.

पंधरा वर्षांचा हिशोब थोडक्यात मांडतो. २०१० मध्ये ३जीचे लिलाव झाले आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत गल्लोगल्ली डोंगल आले. वरचा रंग आणि नाव वेगळं, पण कवच उघडलं की आत बहुतेकदा हुआवे नाहीतर झेडटीई. मी एकाच दिवशी दोन वेगळ्या कंपन्यांचे डोंगल उघडून शेजारी ठेवलेत, ओळखू येत नसत. त्यातला एक दुसऱ्याचं सिम घेणार नाही. हे वेगळेपण कारखान्यातल्या लोखंडाचं नव्हतं, नंतर ओतलेल्या फर्मवेअरचं होतं.

आता गंमत बघा. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्टेबिलिटी सुरू झाली. नंबर तोच ठेवून कंपनी बदला, हा ग्राहकाचा हक्क, असं सरकारने सांगितलं. फार चांगलं केलं. पण त्याच काळात दुकानात विकला जाणारा प्रत्येक डोंगल उलटं सांगत होता: नंबर घेऊन जा खुशाल, यंत्र मात्र इथेच टाकून जा. एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने काढून घेतला जात होता आणि नियामकाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग कंपन्याच एकेक करून गेल्या. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७च्या अखेरीस मोबाईल सेवा गुंडाळली. २०१८ मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली. टाटाचा मोबाईल व्यवसाय १ जुलै २०१९ ला एअरटेलमध्ये विलीन झाला. २०२० मध्ये एअरटेलने आपलं ३जी देशभरात बंद केलं. या प्रत्येक तारखेनंतर माझ्या टेबलावर डोंगलांची रास यायची. "दादा, याचं काही होईल का?"

खरं सांगायचं तर बऱ्याच डोंगलांचं काही होण्यासारखं नव्हतं, आणि मी तसं तोंडावर सांगायचो. नेटकनेक्ट आणि फोटॉन हे सीडीएमएवाले. त्यांचा रेडिओच वेगळ्या जातीचा. फर्मवेअर बदलून सीडीएमएचा जीएसएम होत नाही, जसा रेडिओचा टीव्ही होत नाही. कुणी तसं सांगून पैसे घेतले असतील तर त्याने फसवलं. पण जीएसएम कंपन्यांचे जे लॉक केलेले ३जी डोंगल होते ते ठणठणीत होते. त्या वेळी दुसऱ्या कंपन्यांचं ३जी चालू होतं. एक आठ आकडी कोड टाकला असता तर ते आणखी दोन-तीन वर्षं चालले असते. कोड कोण देणार? द्यायला कंपनीच उरली नव्हती. धनी गाव सोडून गेला आणि कुत्रं दारात तसंच बांधलेलं, अशी गत. कुणालाच आत येऊ देईना.

ते सगळे डोंगल भंगारात गेले. आपण इकडे प्लास्टिकच्या पिशव्यांवर दंड लावतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पण चांगलं यंत्र मुद्दाम निकामी ठेवून त्याचा कचरा करणाऱ्याला त्या नियमांत कुठे चाप बसल्याचं मला तरी जाणवलं नाही.

आता लोक म्हणतील, एवढं काय, तुमच्यासारखे दुकानदार अनलॉक करून देतातच की. देतो. पण कसं, ते ऐका म्हणजे यातला खरा धोका कळेल.

जुन्या हुआवे डोंगलांचा कोड आयएमईआयवरून गणिताने काढता यायचा. ते गणित बाहेर फुटलं होतं. डोंगलला एक आज्ञा दिली की तो सांगायचा, कुलूप आहे की नाही आणि किती प्रयत्न उरलेत. सुरुवातीला दहा. दहा वेळा चुकीचा कोड पडला की कायमचा बंद, मग खरा कोड टाकला तरी उपयोग नाही. म्हणजे स्वतःच्याच वस्तूचं कुलूप उघडताना मालकाला दहा संधी, चोराला असतात तशा.

पुढे कंपन्यांनी गणित बदललं, काहींनी कोड टाकायची जागाच काढून टाकली. मग एकच मार्ग उरला, फर्मवेअर बदलणं. नव्या ई३३७२ला तर ते सरळ बदलूही देत नाही. कवच उघडायचं, सर्किटवरचा एक ठराविक ठिपका शोधायचा, बारीक सुई टेकवून तो जमिनीशी जोडायचा, त्याच क्षणी यूएसबी लावायची, मग डोंगल आपली राखण सोडून नवा प्रोग्रॅम घ्यायला तयार होतो. ही युक्ती रशियन भाषेत लिहिणाऱ्या हौशी मंडळींनी शोधली, त्यासाठी लागणारे प्रोग्रॅमही त्यांनीच लिहून फुकट वाटले. कंपनीने जे करायला हवं होतं ते तिकडे कुणीतरी रात्री जागून केलं. माझ्या दुकानातला एक मुलगा त्या सुईच्या कामात इतका तरबेज आहे की घड्याळजी व्हायला हवा होता.

पण सुई चुकली, मध्येच लाइट गेली, दुसऱ्याच मॉडेलची फाइल पडली, की डोंगलचा दगड होतो. आणि आपल्याकडे लाइट जाते, हे काय नव्याने सांगायचं.

त्याहून वाईट म्हणजे ती फाइल. फर्मवेअरची फाइल कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवत नाही. मग ती येते कुठून? कुठल्यातरी अनोळखी साठ्यातून, कुणी बदललेली, कुणी पुन्हा बांधलेली. तिच्यात काय आहे हे तपासायची सोय लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो: बँकेचं काम या डोंगलवरून करणार असाल तर मी फर्मवेअरला हात लावणार नाही. गुरुजींच्या डोंगलला मी हात लावलेला नाही तोही याच कारणाने. शाळेच्या लॅपटॉपवर मुलांचे आधार क्रमांक आहेत, पालकांच्या खात्यांची माहिती आहे. तिथे मी अनोळखी माणसाने शिजवलेला प्रोग्रॅम घालू?

पण मूळ फर्मवेअर तरी सुरक्षित असतं का? तर तेही नाही. २०१५ मध्ये पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीज या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी बाजारातले ३जी-४जी मोडेम तपासले. त्यात अशा त्रुटी सापडल्या की नुसत्या एका वेबपानाच्या वाटेने मोडेमवर ताबा घेता यावा आणि त्याचं फर्मवेअरही बदलता यावं. म्हणजे चोराला आत यायला भोक आहे, मालकाला मात्र दार बंद. तुमच्या घरी जो डोंगल आहे त्याचं फर्मवेअर कंपनीने शेवटचं कधी सुधारलं? मी माझ्या दुकानात आलेल्या लोकांना विचारतो. सगळे माझ्याकडे बघत राहतात. फर्मवेअर सुधारता येतं हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

कंपन्यांच्या बाजूने तीन मुद्दे नेहमी येतात. मागच्या वेळी मी दोन ओळी लिहिल्या तेव्हाही ते आलेच होते, म्हणून आधीच घेतो.

पहिला, यंत्र स्वस्तात दिलं, वसुली प्लॅनमधून करायची, म्हणून लॉक. ठीक. हप्ते फिटेपर्यंत लॉक, हे मला समजतं. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात २००५ मध्ये एक प्रकरण गाजलं होतं. एका कंपनीचे तीन वर्षांच्या करारावर कमी पैशात दिलेले सीडीएमए फोन, त्यांचा आतला ओळख क्रमांक बदलून लोकांना दुसऱ्या कंपनीकडे नेलं, असा आरोप होता. फोनच्या आतला प्रोग्रॅमही कायद्याच्या कक्षेत येतो, असं न्यायालयाने मानलं आणि त्या मुद्द्यावरचा तपास थांबवला नाही. त्या प्रकरणात निदान करार तरी होता, पैसे फिटायचे होते. गुरुजींच्या पावतीवर पूर्ण रक्कम आहे. कसला हप्ता नाही, कसला करार नाही. मग सवलतीचं कारण इथे कशाला पुढे करता? मी स्वतः २०११ मध्ये २,४०० रुपये रोख मोजून डोंगल घेतला होता, तोही लॉकच होता.

दुसरा मुद्दा, देशाची सुरक्षा. इथे मला एक गोष्ट जरा जोर देऊन सांगायची आहे, कारण यात पोरं अडकू शकतात. आयएमईआय बदलणं वेगळं आणि नेटवर्कचं कुलूप काढणं वेगळं. आयएमईआय ही यंत्राची ओळख. ती बदलणं गुन्हा आहे, २०१७ च्या नियमांपासून स्पष्टच आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तर असल्या छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ते असायलाच हवं. चोरीचे फोन असेच धुतले जातात. माझ्या दुकानात कुणी आयएमईआयची गोष्ट काढली तर मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवतो. पण नेटवर्कचं कुलूप उघडल्याने ओळख पुसली जात नाही. आयएमईआय तोच राहतो, सिम आधारवर घेतलेलं असतं, टॉवरला सगळं दिसतं. कंपन्या या दोन गोष्टी मुद्दाम एका पोत्यात घालतात, कारण देशाच्या सुरक्षेचं नाव घेतलं की समोरचा गप्प बसतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात लाडका. "अहो, नवा अनलॉक डोंगल घ्या, दोन हजाराला मिळतो. नाहीतर मोबाईलचा हॉटस्पॉट आहे की." हे लिहिणारे बहुधा पुण्यात बसून लिहितात. दोन हजार रुपये त्या वाडीने घराघरातून वर्गणी काढून एकदा जमवलेत. पुन्हा जमवा, का, तर कंपनीची पॉलिसी. आणि हॉटस्पॉट कुणाच्या मोबाईलचा? गुरुजींच्या. गुरुजी रजेवर गेले, बदली झाली, की शाळेचं इंटरनेटही त्यांच्या खिशातून बदलीच्या गावी जाणार. सरकारी काम खाजगी फोनवर करून घ्यायची सवय आपल्याला इतकी लागली आहे की ती चूक वाटेनाशी झाली आहे.

बाहेरच्या देशांत काय झालं ते वाचण्यासारखं आहे. अमेरिकेत जानेवारी २०१३ पासून स्वतःचा नवा फोन कंपनीच्या परवानगीविना अनलॉक करणं बेकायदा ठरलं. लोक खवळले, एक लाखाहून जास्त सह्यांचा अर्ज व्हाइट हाउसकडे गेला आणि १ ऑगस्ट २०१४ ला अनलॉकिंगची मुभा देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. २०१५ मध्ये ती मुभा वापरलेले हॉटस्पॉट आणि काढता-घालता येणारे ब्रॉडबँड मोडेम यांनाही मिळाली. म्हणजे आपला डोंगलच. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून कंपनीने यंत्र अनलॉक विकायचं आणि जुनं फुकट अनलॉक करून द्यायचं, असा नियम आहे. ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले मोबाईल विकायलाच बंदी घातली. कुठलीही कंपनी त्यामुळे बुडाली नाही.

आपल्याकडे? जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनाच्या मुहूर्तावर, पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. पोर्टलवर कंपन्यांची सेवा केंद्रं, फोन नंबर वगैरे सापडतात. कायदा मात्र अजून नाही. आणि सेट-टॉप बॉक्सचं आठवतंय ना? एका डीटीएच कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालावा अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली. आज तुमच्या माळ्यावर किती जुने बॉक्स पडलेत ते मोजा, म्हणजे शिफारशीचं काय झालं ते कळेल.

कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५-अ म्हणतं की हक्क बुडवण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर शिक्षा. हेतू हा शब्द त्यात आहे. स्वतःच्या डोंगलमध्ये सरकारी कंपनीचं सिम घालणाऱ्या शिक्षकाचा हेतू कुणाचा हक्क बुडवण्याचा आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. मी वकील नाही. वाचणाऱ्यांत तिघे-चौघे वकील आहेत, त्यांनी खाली जरूर लिहावं.

माझं मागणं फार मोठं नाही. पूर्ण पैसे घेतले असतील तर विक्रीच्याच दिवशी कुलूप काढून द्या. हप्त्यावर असेल तर शेवटच्या हप्त्याला काढा, आपणहून, फुकट, ग्राहकाला बारा मिनिटं गाणं न ऐकवता. एखाद्या भागातली सेवा बंद करणार असाल तर त्याआधी तिथल्या ग्राहकांना कोड पाठवा. मूळ फर्मवेअरची फाइल आपल्या संकेतस्थळावर ठेवा, म्हणजे लोकांना अनोळखी माणसाचं पाणी प्यावं लागणार नाही. आणि ट्रायने हे नियमात लिहावं, कारण आपणहून कुणी करणार नाही.

ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तेव्हा तिथे पत्र पाठवून वाट बघत बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार, तिचा क्रमांक लिहून घ्या. तिथे दाद नाही लागली तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. शाळेच्या वतीने कागद तयार करायचं काम सुरू केलंय. एका डोंगलच्या तक्रारीला कंपनी हिंग लावून विचारणार नाही, पण तीस-चाळीस तक्रारी एकाच तालुक्यातून एकाच आठवड्यात गेल्या तर निदान कुणीतरी फाइल उघडून बघेल.

सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक हे वाचत असतील तर एक काम आजच करता येईल. पुढचा डोंगल किंवा राउटर घेताना मागणीपत्रात एक ओळ टाका: "यंत्र कोणत्याही कंपनीचे सिम स्वीकारणारे असावे." दुकानदाराने दोन कंपन्यांची सिम घालून दाखवल्याशिवाय बिल मंजूर करू नका.

आणि ज्यांच्या घरी, शाळेत, पतसंस्थेत, दूध डेअरीत लॉक असलेला ४जी डोंगल पडून आहे त्यांनी तो येत्या रविवारी सकाळी दहा ते दोनमध्ये दुकानात घेऊन या. उघडून द्यायला नाही, मॉडेल, बँड आणि कुलपाची स्थिती यांची नोंद करून तक्रारीला जोडायला. पैसे लागणार नाहीत. पावती असेल तर तिची झेरॉक्स आणा. नसेल तर डोंगल घेऊन या, पेटी असेल तर पेटीपण. सीडीएमएवाले जुने आणू नका, त्यांना खरंच काही करता येणार नाही. चहाची सोय आहे.